विरोधी बाकांवरून शहर चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७ मार्च २०२२ ला मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आता २२७ नगरसेवक पुन्हा निवडून आले आहेत. भाजपचे ८९ आणि शिवसेनेचे २९ मिळून बहुमत होते. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे ६५, काँग्रेसचे २४ आणि लहान पक्षांचे सदस्य धरले तर जवळपास निम्मे सभागृह सत्तेबाहेर आहे. म्हणजे मुंबईतल्या जवळपास निम्म्या प्रभागांना एकच काळजी लागली आहे : आपला माणूस विरोधात बसला, आता तो करणार काय? प्रभागातल्या बैठकांत आणि सोसायट्यांच्या सभांत हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतात. काही प्रश्न विधानसभेबद्दलचे असतात, तेही इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मते आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

ज्यांना लोकांनी सत्ता दिली नाही, त्यांनी कारभारात सहकार्य कशासाठी करायचे?

लोकांनी त्या पक्षाला बहुमत दिले नाही, पण त्या नगरसेवकाला त्याच्या प्रभागाने निवडून दिले आहे. भांडुपच्या टेकडीवरच्या किंवा धारावीतल्या मतदाराने मत देताना ‘तुमचा पक्ष सत्तेत आला तरच काम करा’ अशी अट घातलेली नसते. त्याला पाणी, गटार, शाळा आणि दवाखाना हवा असतो. निकालाच्या दिवशी पक्ष हरतो, नगरसेवक जिंकलेला असतो. त्याने पाच वर्षे ‘आमचे कोण ऐकतो’ म्हणत बसून राहणे ही त्याच्या मतदारांची फसवणूक आहे.

पालिकेत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात नेमका फरक किती?

वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

मुंबई महानगरपालिका १८८८ च्या अधिनियमावर चालते. त्यात मंत्रिमंडळासारखे काही नाही. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर सभागृह चालवतात, खाती चालवत नाहीत. १९९८ मध्ये ‘मेयर इन कौन्सिल’ नावाने मंत्रिमंडळासारखी पद्धत आणून पाहिली होती, पण ती अल्पकाळातच गुंडाळली गेली आणि पालिका पुन्हा समित्यांच्या पद्धतीवर आली. स्थायी, सुधार, शिक्षण आणि बेस्ट या समित्यांतून खर्चाचे, जमिनींचे, शाळांचे आणि बसचे निर्णय होतात. या समित्यांवरच्या जागा पक्षांना त्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात मिळतात.

याचा अर्थ नीट पाहा. विधानसभेतला विरोधी आमदार मंत्रिमंडळाच्या बाहेर असतो. मंत्रालयातला निर्णय झाल्यावर तो त्याला कळतो आणि मग तो त्यावर बोलतो. पालिकेतला विरोधी नगरसेवक मात्र निर्णयाच्या टेबलावरच बसलेला असतो. स्थायी समितीत त्याला सत्ताधारी सदस्याला मिळते तीच कार्यक्रमपत्रिका मिळते, तोच प्रस्ताव मिळतो आणि मतदानात दोघांचेही एकेकच मत मोजले जाते. रस्त्याचे कंत्राट मंजूर झाले तेव्हा तो खोलीत होता. उद्या त्या रस्त्यावर खड्डे पडले तर ‘ते सत्ताधाऱ्यांनी केले’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. त्या बैठकीत तुम्ही काय विचारले होते, हा प्रश्न त्यालाही विचारता येतो आणि तो विचारलाच पाहिजे.

असे सहकार्याचे कर्तव्य कायद्यात लिहिले आहे का?

‘विरोधकांनी सहकार्य करावे’ असे कलम कुठेही नाही. आमदार शपथ घेतात ती संविधानाशी निष्ठा राखण्याची आणि कर्तव्य निष्ठेने पार पाडण्याची. ती शपथ सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही शब्दशः सारखीच आहे. अनुच्छेद १९० नुसार परवानगीशिवाय सलग ६० दिवस सभागृहात गैरहजर राहिलेल्या आमदाराची जागा रिक्त घोषित करता येते. कायदा एवढीच किमान अपेक्षा ठेवतो. त्यापुढचे मतदारांनी मागायचे असते.

मग सहकार्य म्हणजे प्रस्तावाला हात वर करणे का?

अजिबात नाही. हा गैरसमज सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा आहे आणि आळशी विरोधकांच्याही.

नालेसफाईचे उदाहरण घ्या. पावसाळ्याआधी गाळ काढण्याची कंत्राटे मंजूर व्हावी लागतात. विरोधी सदस्याने प्रस्ताव महिनोन्‌महिने अडवला तर जूनमध्ये कुर्ल्याच्या, सायनच्या, मिलन सबवेच्या लोकांच्या घरात पाणी जाते. न वाचता मंजूर केला तर गाळ किती निघाला आणि कुठे टाकला, हे कोणालाच कळत नाही. मिठी नदीच्या गाळाबाबत २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. त्यात गाळ टाकण्याच्या जागांची कागदपत्रे खोटी असल्याचे आरोप आहेत. या दोन्ही टोकांच्या मध्ये खरे काम आहे. प्रस्ताव आधी वाचायचा. वजनकाट्याच्या पावत्या कोण तपासणार, गाडीच्या खेपा कोण मोजणार, गाळ टाकायच्या जागामालकाची संमती कुठे आहे, हे विचारायचे. उत्तर नसेल तर प्रस्तावात बदल सुचवणारी उपसूचना मांडून तेवढी अट घालून घ्यायची आणि मग प्रस्ताव वेळेत मंजूर होऊ द्यायचा.

पालिकेच्या कामकाजात यासाठी साधने भरपूर आहेत. हरकतीचा मुद्दा मांडता येतो, ठरावाची सूचना देता येते, प्रस्ताव राखून ठेवण्याची किंवा फेरविचारासाठी प्रशासनाकडे परत पाठवण्याची मागणी करता येते. प्रस्ताव मुळातच वाईट असेल तर तो दप्तरी दाखल करा, म्हणजे पुढे न नेता बंद करा, असे म्हणून मतदान मागता येते. हे सगळे सहकार्यच आहे, कारण यातून निर्णय सुधारतो आणि कोण काय म्हणाले याची नोंद राहते. मतदान मागून हरणे यात कमीपणा नाही. इतिवृत्तात आपला विरोध कारणासह नोंदवला गेला तर पाच वर्षांनी चौकशी बसते तेव्हा तोच कागद शहराच्या उपयोगी पडतो.

२०१७ मध्ये भाजपने ‘आम्ही पहारेकरी’ म्हटले होते. तो नमुना चांगला होता का?

२०१७ च्या पालिका निवडणुकीत शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. राज्यात दोघे एकत्र सत्तेत होते. भाजपने महापौरपदाची निवडणूक लढवली नाही, विरोधी पक्षनेतेपदही घेतले नाही आणि आपण पारदर्शकतेचे पहारेकरी राहू असे जाहीर केले. त्यामुळे ३१ जागांच्या काँग्रेसकडे विरोधी पक्षनेतेपद गेले. २०१९ च्या शेवटी राज्यातली समीकरणे बदलली. शिवसेना आणि काँग्रेस मंत्रालयात एकत्र आल्या, तरी पालिकेत काँग्रेसचे रवी राजा विरोधी पक्षनेतेच राहिले. भाजपने २०२० मध्ये ते पद मागितले, ते मिळाले नाही आणि मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे म्हणणे मान्य केले नाही.

माझे मत असे की पहारा ठेवण्याची कल्पना चांगली होती. पण पहारा ठेवणाऱ्याला पद, कार्यालय, माहिती आणि जबाबदारी लागते. ते सगळे आपणहून सोडून देऊन पहारा होत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. राज्यातला मित्रपक्ष पालिकेत विरोधी पक्षनेता असतो तेव्हा त्या पदाची धार बोथट होते. २०१७ नंतरच्या त्या पाच वर्षांत मुंबईकरांना सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण हे सांगणे अवघड झाले होते. अशा धूसर जागेत जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

सभात्याग, घोषणा, विधानभवनाच्या पायऱ्यांवरचे आंदोलन, चहापानावर बहिष्कार. हा असहकार नाही का?

चहापानाचे आधी सांगतो. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात आणि विरोधक बहुतेक वेळा बहिष्कार टाकतात. पक्ष कोणताही असो, बाक बदलले की भूमिकाही बदलतात. या बहिष्काराने कोणाचे काम अडत नाही आणि तो राजकीय इशारा म्हणून ठीक आहे. मला मात्र तो वाया गेलेला प्रसंग वाटतो. समोरासमोर बसून ‘या चार विषयांवर चर्चा हवी’ असे सांगण्याची ती चांगली वेळ असते.

पायऱ्यांवरच्या आंदोलनाला माझी हरकत नाही. सभागृह सुरू होण्याआधी ते होते आणि कॅमेऱ्यांमुळे विषय घराघरांत पोहोचतो. सभात्यागाची गोष्ट वेगळी. चर्चेत मुद्दे मांडून, उत्तर समाधानकारक नाही म्हणून मतदानाआधी बाहेर पडणे समजू शकते. चर्चाच न करता बाहेर पडणे म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चाच्या पुरवणी मागण्या किंवा विधेयक विनाप्रश्न मंजूर होऊ देणे. गोंधळात विधेयके मंजूर होतात तेव्हा सरकारचेच काम सोपे होते. ज्या आमदाराने खर्चाला आव्हान देणारी कपात सूचना दिली, मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावे असा तारांकित प्रश्न लावला आणि तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना मिळवली, त्याने गोंधळात तो वेळ घालवला तर नुकसान त्याच्याच मतदारसंघाचे होते.

विरोधकांच्या सहकार्याने महाराष्ट्रात खरेच काही मोठे घडले आहे का?

घडले आहे, आणि त्यातले एक तुमच्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला दिसते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली होती. पागे सत्ताधारी पक्षाचे होते, पण योजना टिकली ती डावे, समाजवादी आणि शेतकरी कामगार पक्षाचे लोक तिच्यामागे उभे राहिले म्हणून. त्यांनी सभागृहात पाठिंबा दिला आणि बाहेर मोर्चे काढून मजुरांना काम मागायला शिकवले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर झाला. या योजनेला पैसा मिळावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो. शहरातल्या माणसाच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला कामाचा हक्क देणे सोपे नव्हते. सरकार आणि विरोधक दोघांनी मिळून ती जोखीम घेतली, म्हणून ते झाले.

मृणाल गोरे यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. गोरेगावात पाण्यासाठी लढल्या म्हणून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. हंडे आणि लाटणी घेऊन त्या रस्त्यावर उतरत, आणि त्याच बाई सभागृहात अभ्यास करून बोलत. गर्भलिंग निदानावर बंदी घालण्याचा विषय त्यांनी विरोधी बाकांवरून लावून धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, तो देशातला पहिला होता. रस्त्यावरचा संघर्ष आणि सभागृहातले सहकार्य एका माणसाला एकाच वेळी जमते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

तिसरे उदाहरण दिल्लीचे, पण माणूस आपल्याकडचा. २००१ च्या भूज भूकंपानंतर पंतप्रधान वाजपेयी यांनी आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्षपद शरद पवार यांना दिले. पवार तेव्हा विरोधात होते. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपाच्या वेळी मुख्यमंत्री म्हणून त्यांनी पुनर्वसनाचे काम केले होते. त्या अनुभवाची देशाला गरज होती. सरकारने मागितला आणि विरोधकाने दिला.

दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत बसून नंतर विधेयकाला विरोध करता येतो का?

येतो, पण त्याची तयारी समितीतच करावी लागते. महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारे ‘शक्ती’ विधेयक २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले, बदलले आणि डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर झाले. तिथे समितीचा मार्ग उपयोगी पडला.

कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचे वेगळे झाले. तेही संयुक्त समितीकडे गेले, समितीत विरोधी सदस्य होते आणि नागरिकांकडून हजारो सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक विधानसभेत आले तेव्हा माकपचे विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. ‘तुम्ही समितीत होता, मग आता विरोध कसला’ हा सत्ताधाऱ्यांचा सवाल तेव्हा अनेकांना पटला. माझे म्हणणे असे की समितीत बसणे बरोबरच होते. पण न पटलेली प्रत्येक गोष्ट भिन्न मतपत्रिकेत, म्हणजे समितीच्या अहवालाला जोडायच्या असहमतीच्या टिपणात, कारणांसह लिहून दिली पाहिजे. तसे केले की सहकार्याला कोणी संमती म्हणू शकत नाही.

संकटाच्या वेळी तरी विरोधकांनी गप्प बसावे की नाही?

काम अडवू नये, गप्प मात्र बसू नये. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा स्थायी समितीने आयुक्तांना तातडीच्या खर्चाचे अधिकार दिले. ते योग्यच होते, रोज बैठक बोलावून व्हेंटिलेटर विकत घेता आले नसते. पुढे या खर्चाचे प्रस्ताव कार्योत्तर, म्हणजे खर्च झाल्यानंतरच्या, मंजुरीसाठी येऊ लागले आणि वाद पेटले. अधिकार देतानाच ‘दर महिन्याला हिशेब समितीसमोर ठेवा’ एवढी अट घातली असती, तर बराच संशय टळला असता. मोकळीक द्यायची आणि हिशेबाची तारीखही त्याच ठरावात लिहायची.

सहकार्य आणि ‘सेटिंग’ यांतला फरक सामान्य माणसाने कसा ओळखायचा?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांचा राग मला पूर्ण मान्य आहे. बाहेर आरोप करायचे, आत प्रस्ताव चर्चेविना मंजूर करायचा, असे होताना या शहराने पाहिले आहे. सहकार्य सगळ्यांसमोर होते : त्याची नोंद असते, त्यात काहीतरी बदलून घेतलेले असते आणि तो बदल लोकांसाठी असतो. ‘सेटिंग’ला नोंद नको असते. कालपर्यंत एखाद्या कंत्राटावर पत्रकार परिषद घेणारा नगरसेवक समितीत त्याच प्रस्तावावर एक शब्द बोलला नाही, तर त्याला भर सभेत कारण विचारा. त्याच्याकडे कारण असेलही, पण ते त्याने सांगितले पाहिजे.

पक्षादेश (व्हिप) निघाला तर नगरसेवक काय करणार?

स्थानिक संस्थांच्या सदस्यांना १९८६ चा अनर्हता कायदा लागू आहे, त्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. तरी पक्षादेश मतदानापुरता असतो. प्रश्न विचारायला, माहिती मागवायला, प्रभाग समितीत अधिकाऱ्याला जागेवर नेऊन गळती दाखवायला तो आड येत नाही.

सहकार्याची सगळी जबाबदारी विरोधकांवरच का?

ती तशी नाहीच. ज्याच्या हातात सभागृह आहे त्याने आधी जागा द्यावी लागते.

५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन त्या अधिवेशनापलीकडे घटनाबाह्य ठरवले. हकालपट्टी झाली तर निदान पोटनिवडणूक होते, वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघ नुसताच प्रतिनिधीविना राहतो, हा न्यायालयाचा मुद्दा प्रत्येक सत्ताधाऱ्याने लक्षात ठेवावा. त्या वेळी सत्तेत महाविकास आघाडी होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पारडे फिरले. विरोधकांत सर्वांत मोठ्या पक्षाच्या २० जागा आल्या आणि विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले. ऑगस्ट २०२५ नंतर परिषदेतलेही रिकामे झाले, आणि त्या डिसेंबरचे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना झाले. एकूण जागांच्या दहा टक्क्यांची अट सांगितली जाते, पण विरोधी पक्षनेत्याबाबतच्या १९७८ च्या राज्याच्या कायद्यात ती नाही. त्यात विरोधकांतला सर्वाधिक संख्येचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच आहे. मान्यता न देता सहकार्य मागणे मला न्याय्य वाटत नाही.

निधीचेही तसेच. प्रशासकाच्या काळात मुंबईतल्या आमदारांना पालिकेचा निधी देताना पक्ष पाहिला गेल्याची तक्रार विरोधी आमदारांनी जाहीरपणे केली. निधी नगरसेवकाचा नसतो, प्रभागातल्या करदात्याचा असतो. विरोधी प्रभागाला कमी पैसे देणे म्हणजे तिथल्या मुलांना मतदानाची शिक्षा देणे.

प्रशासकाच्या काळातही कामे होतच होती. मग एवढी चर्चा हवी कशाला?

२०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या उपसूचनेशिवाय मंजूर झाला. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे त्या वेळी कोणी विचारायचे होते?

आमचा नगरसेवक विरोधात आहे. आमचे काम होईल का, आणि आम्ही त्याच्याकडून काय मागायचे?

होऊ शकते. जलवाहिनी बदलण्याचा निर्णय अभियंत्याच्या पाहणीवर होतो आणि प्रभाग समितीत तुमच्या नगरसेवकाला बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या तीन महिन्यांत सभागृहात आणि समितीत किती वेळा हजर होतात? कोणत्या प्रस्तावावर उपसूचना दिलीत किंवा विरोध नोंदवलात, त्याची प्रत द्याल का? आपल्या प्रभागासाठी अर्थसंकल्पात काय मागितले होते आणि त्यावर आयुक्तांचा अभिप्राय काय आला? या उत्तरांसाठी त्याला महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून द्यायला सांगा, आणि त्या संध्याकाळी शेजारच्या सत्ताधारी प्रभागातल्या लोकांनाही बोलवा, कारण नाला दोन्ही प्रभागांतून वाहतो.